पुढच्यांसाठी ठेवलेला चतकोर

सर,

चतकोर आम्ही खणला. हे आधीच सांगून टाकलेलं बरं. नाहीतर पुढचं ऐकता ऐकता तुम्ही चष्मा काढून टेबलावर ठेवाल, आणि तुम्ही चष्मा ठेवलात की समोरच्याचं बोलणं संपलं, हे आपल्या पुरातत्त्व केंद्रात शिपायापासून कुलगुरूंपर्यंत सगळ्यांना ठाऊक होतं. आता ते ठाऊक असलेली मी एकटीच उरले आहे. बाकीच्यांसाठी तुम्ही म्हणजे भांडारखोलीच्या दारावरचा फोटो. फोटोत तुम्ही हसताय, त्यामुळे नव्या पोरांना वाटतं, सर फार मवाळ असतील. मी त्यांचा गैरसमज दूर करत नाही. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, आता कशाला घाबरवायचं कोणाला.

पारशिवनीच्या रस्त्याला लागून नागपूर मागे पडलं, की डाव्या हाताच्या मुरमाड माळावर ते वर्तुळ आहे. होतं, म्हणायला पाहिजे. कमरेएवढे काळे दगड गोल मांडलेले आणि मध्ये गोट्यांची, मातीची भर. लोखंड नुकतंच हाती आलेल्या माणसांनी आपल्यातल्या मेलेल्या कोणासाठी तरी केलेली खूण. मी एमएच्या पहिल्या वर्षाला होते आणि घर सोडून पहिल्यांदाच तंबूत राहायला आले होते. निघताना आईनं एवढंच विचारलं होतं, "तिथं बुद्धाचं काही निघंल का वं?" छप्पन साली आजोबांचं बोट धरून दीक्षा घेतलेली बाई ती. मी म्हटलं, आई, हे त्याच्याही आधीचं असंल. तिच्या लेखी त्याच्या आधी काही नव्हतंच. तुम्हाला हे सांगितलं तेव्हा तुम्ही म्हणालात, तुझ्या आईचं काही फार चूक नाही, आणि पुन्हा कामाला लागलात. मला त्या दिवशी तुम्ही आवडायला लागलात.

पहिल्याच दुपारी तुम्ही जेवताना ज्वारीच्या भाकरीचे चार भाग केलेत आणि आम्हा सगळ्यांना दाखवलेत. वर्तुळाचेही असेच चार भाग करायचे, तीन खणायचे, चौथा तसाच ठेवायचा. "हे तीन आपले. हा चौथा पुढच्यांचा. आपल्या मागून जे येतीन त्यांच्याजवळ आपल्याहून चांगले डोळे असतीन, चांगली यंत्रं असतीन. आपणच सगळं खणून ठेवलं तं ते काय पाहतीन, आपल्या चुका?" असं म्हणत म्हणत तो चौथा तुकडाही तुम्ही ठेच्याला लावून खाऊन टाकलात. मागून कोणीतरी म्हणालं, सर, पुढच्यांचाही गेला. तुम्ही रिकाम्या हाताकडे पाहिलंत आणि म्हणालात, भाकर शिळी होते, माती होत नाही. आम्ही पोट धरून हसलो. तेव्हापासून त्या न खणलेल्या भागाचं नावच चतकोर पडलं. नकाशावरही मी तेच लिहिलं होतं, आणि तुम्ही तेवढ्यावरून मला बोलला नाहीत, हे विशेष.

आणि नाण्याची रीत. खणणाऱ्या पुष्कळ लोकांत ती आहे, पण तुमच्याइतकी देवपूजेसारखी कोणी पाळत नसेल. खड्डा परत भरायच्या आधी तळाशी चालू सालाचं एक नाणं ठेवायचं, आणि ते चमूतल्या सगळ्यात लहानानं ठेवायचं. त्या वर्षी लहान मी होते. तुम्ही खिशातून नाणं काढून माझ्या हातावर ठेवता आणि मी शिडीवरून खाली उतरते आहे, तळाची माती पायाला गार लागते आहे, हे मला अजून तसंच दिसतं. मी खालूनच विचारते, "काहून ठेवायचं सर?" आणि तुम्ही वरून वाकून म्हणता, "उद्या कोणी इथं खणलं तं त्याले कळलं पाह्यजे, का आपण येऊन गेलो. त्याले येडं नाही बनवायचं." पुढे मी तीसेक वर्षं पोरांना शिकवलं, पण आपल्या धंद्यातल्या इमानाबद्दल मला याहून जास्त काही सांगता आलेलं नाही.

त्या तीन भागांत आपल्याला मडकी मिळाली, लोखंडी कुऱ्हाड मिळाली, तांब्याचं घुंगरू मिळालं. हाड मात्र एक मिळालं नाही. ज्याच्यासाठी हा सगळा खटाटोप केला, तो माणूसच कुठे नव्हता. मला तेव्हापासून खात्री होती, की तो चतकोरात आहे. पीएचडीची वेळ आली तेव्हा मी तुमच्या खोलीत आले आणि म्हटलं, सर, मला चतकोर द्या, मी त्याला शोधून काढते. तुम्ही चष्मा काढलात आणि टेबलावर ठेवलात. "तू पुढची आहेस काय? तू तं आपलीच आहेस." एवढंच. मग भांडाराकडे बोट दाखवून म्हणालात, तिथं धुतलेल्या खापरांचे ट्रे पडून आहेत, त्यांना कोणी वाली नाही, त्याच्यावर कर. मी बाहेर येऊन नळाखाली तोंड धुतलं आणि खापरांवर पीएचडी केली. खापरांनी मला नोकरी दिली, हे खरं. पण दर हिवाळ्यात त्या रस्त्यानं जाताना मी गाडीतून मान वळवून पाहत आले, की तो अजून तिथे आहे ना. तो माझाच कोणी लागत असल्यासारखा.

निवृत्तीच्या दिवशी सगळे शाल, श्रीफळ घेऊन आले होते. तुम्ही उलट मलाच दिलंत. तुमचं ट्रॉवेल, तुमच्या डावऱ्या हातानं एका अंगानं झिजलेलं. वर्तमानपत्रात गुंडाळून दिलंत. मी ते घरी येऊन आईला दाखवलं, तर ती म्हणाली, एवढा मोठा प्रोफेसर, अन् देऊन देऊन गवंड्याची थापी दिली. मी मात्र त्या दिवसापासून स्वतःला तुमचा वारस समजायला लागले. आणि वारस समजायला लागले म्हणून तुमच्याहून कडक झाले. चतकोराजवळ कोणी नुसतं फावडं टेकलं तरी माझ्या कपाळाला आठ्या पडत. दर जूनमध्ये नव्या मुलांना भाकरीचे चार भाग करून दाखवत आले. मी चौथा कधी खाल्ला नाही, एवढाच फरक.

तुमच्या आजारपणात मी घरी आले होते, तो उन्हाळा आठवतो. तुम्ही दिवाणावर, पाठीशी दोन उशा. काकू आत थालीपीठ लावत होत्या आणि मी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून त्यांच्याशी बोलत होते. त्यांच्या हातातला सराटा एका कोपऱ्यात वाकलेला आणि कडेला खरवडलेला होता. थालीपीठ उलटताना दर वेळी तुटत होतं. मी म्हटलं, काकू, हा सराटा टाकून द्या आता. काकू हसल्या आणि तुमच्याकडे पाहून म्हणाल्या, "विचार त्याईलेच." तुम्ही भिंतीकडे पाहत होतात. मग एकदम मला म्हणालात, "अजून वाटते का तुले, का तो चतकोरात आहे म्हणून?" मी म्हटलं, वाटतं म्हणजे काय सर, आहेच. तुम्ही डोळे मिटलेत, हं म्हणालात. मला वाटलं, थकलात. मी थालीपीठ खाऊन निघाले. त्यानंतर तुमच्याशी बोलणं झालं नाही.

आता इथलं सांगते. तुमची जागा भरलीच नाही, हे तुम्हाला माहीत होतं. तुमच्यानंतरच्या दोघांच्याही भरल्या नाहीत. तासिका तत्त्वावर येणारी पोरं येतात, सहा महिन्यांनी कुठल्या तरी शाळेत लागतात. भांडारखोली गळते. पावसाळ्यात आम्ही ट्रे एका भिंतीकडून दुसऱ्या भिंतीकडे नेतो आणि भिंत बदलली की परत आणतो. पुढच्या वर्षी मी निवृत्त होणार आणि त्या दिवशी केंद्र इतिहास विभागात विलीन होणार, असं ठरलं आहे. विलीन हा त्यांचा शब्द. विभागात मला सांगितलं, कपाटं देऊ, खोली नाही. मी म्हटलं, अहो, विदर्भातली अर्धी माणसं त्या खोलीत आहेत. समोरचे साहेब हसले. त्यांना वाटलं, मॅडम विनोद करून राहिल्या.

आणि याच हिवाळ्यात कळलं, की माळावर घरांच्या प्लॉटांचा लेआउट पडतो आहे. जागा सरकारी संरक्षणात नव्हतीच कधी. लेआउटवाला माणूस वाईट नव्हता. म्हणाला, मॅडम, तुमचं जे काही असेल ते होळीच्या आत काढून घ्या, मग मला रोड टाकायचा आहे. मी घरी येऊन बरेच दिवस काहीच केलं नाही. खणावं तर तुमचा शब्द मोडतो, आणि नाही खणलं तर जेसीबी खणेल आणि त्या माणसाच्या वरून सिमेंटची गटार जाईल. पुढचे कोण, याचा विचार करत बसले आणि लक्षात आलं, की पुढचं कोणीच नाही. रांगेत शेवटी मीच उभी आहे. मग परवानगीसाठी अर्ज केला. ती चक्क लवकर मिळाली. कोणाला काही पडलेलीच नव्हती.

माझ्याबरोबर एकच विद्यार्थिनी होती, नरखेडकडची. घरचा संत्र्याचा बगीचा सोडून ही माती उकरायला आलेली, म्हणून बापाच्या रोज शिव्या खाते. माझी शेवटची. आणि गावातले चार मजूर. वरची गोट्यांची भर काढली आणि तुमच्या ट्रॉवेलनं मी पहिला हात मारला. ट्रॉवेल लोण्यात गेल्यासारखं आत गेलं. सर, तुम्हीच शिकवलंत, न हाललेली माती हाताला उत्तर देते. ही माती काही बोलतच नव्हती. मी आणखी खाली गेले, बाजूला गेले. काळी, पिवळी, मुरूम, सगळी कालवलेली. मला कळलं होतं, पण मी तसंच खरवडत राहिले. शेवटी पोरगीच म्हणाली, "मॅडम, हे तर भरावाची माती लागून राहिली. कोणीतरी आधीच खणून भरलं आहे."

मजुरांतला एक म्हणाला, गुप्तधनवाले असतीन. मीही तेच धरून चालले. मी त्या चोरांना मनातल्या मनात इतक्या शिव्या घातल्या, की माझ्या आईनं ऐकल्या असत्या तर तोंडात मिरची कोंबली असती. पण खड्ड्याच्या कडा सरळ होत्या. कोपरे काटकोनात होते. चोर कोपरे काटकोनात काढत नाही. आणि अगदी तळाशी, बरोबर मध्ये, एका प्लास्टिकच्या तुकड्यावर नाणं होतं. तुम्ही निवृत्त झालात त्याच्या पुढच्या सालाचं. पोरीनं ते उचललं नाही, नुसती माझ्याकडे पाहत राहिली. तिला नाण्याची रीत मीच शिकवली होती. "मॅडम, आपल्यापैकीच कोणी आहे हे. कोण असंल?" मी म्हटलं, फोटो काढ, मग मोजमाप घे, मग उचल. आणि दगडाच्या सावलीत जाऊन बसले. असे कोपरे काढून असं नाणं ठेवणारे तेव्हा दोघंच होतो, तुम्ही आणि मी, आणि ते मी ठेवलं नव्हतं.

तिथे माणूस नव्हता. तुम्ही न छेडलेली एक अरुंद पट्टी कडेला शिल्लक होती, तीही आम्ही पाहिली. नुसते गोटे. खड्डा भरायची काही गरज नव्हती, रोड टाकायला जेसीबी येणारच होता. तरी शेवटच्या दिवशी पोरीनं यंदाचं नाणं आणून तळाशी ठेवलं. मी अडवलं नाही. वर्तुळाचे दोन दगड आता लेआउटच्या गेटला लावले आहेत, शोभेला. चुना मारला आहे त्यांना.

नाण्याचा फोटो मोबाइलवर घेऊन मी काकूंकडे गेले. काकू आता फार थकल्या आहेत, पण चहा कोणाला करू देत नाहीत. ओट्याच्या वर खिळ्याला तो सराटा अजून टांगलेला आहे. मी फोटो दाखवला. त्यांनी चष्मा पुसून पाहिला आणि म्हणाल्या, "सापडलं का वं? म्या म्हटलं होतं त्याईले, का तीच काढंल."

मी विचारलं, काकू, काहून खणलं त्यांनी?

"दवाखान्यातून रिपोर्ट घेऊन आलो, दिवाळी झाली होती. खाटेवर बसले अन् म्हणे, चाल, मले एक पाहाचं राहून गेलं. रोज डबा घेऊन बसनं जाओ आम्ही. फावड्यानं ते खणत, टोपलं मी उचलो. बारीक काम आलं तं हातात काही नाही. ट्रॉवेल तं तुले देऊन बसले होते. मग माझा सराटा नेला." काकू हसल्या. "मग तो पोळ्यांच्या कामाचा राह्यला नाही."

काय निघालं, मी विचारलं, जणू मला माहीतच नव्हतं.

"काहीच नाही वं. शेवटच्या दिवशी खड्ड्यात बसून राह्यले उन्हात. मग म्हणे, पोरगी चुकली. इथं कोणी नाही. तिले सांगायले पाह्यजे. मग तेही नाही सांगितलं."

मला का नाही बोलावलं, हे विचारायचं नाही असं ठरवून मी गेले होते. पण विचारलं. काकूंनी गाळणं विसळलं, पालथं ठेवलं. "म्या म्हटलं होतं, त्या पोरीले तं बोलवा. तं म्हणे नाही. तिले मी नाही म्हटलं होतं, आता कोणत्या तोंडानं बोलावू. म्या म्हटलं, मग खणताच काहून, पुढच्यांचं आहे म्हणता ना. तं म्हणे, माझी जागा तं भरत नाही हे लोक. पुढचं कोण येणार आहे आता."

पुढचं कोण येणार आहे, असं तुम्ही म्हणालात तेव्हा मी त्याच केंद्रात, तुमच्याच भांडारात, खापरांवर नंबर टाकत बसले होते. तुम्ही मला आपली म्हणालात म्हणून पुढची होऊ दिलं नाहीत, आणि खणायच्या वेळी आपलीही धरली नाहीत. मग मी होते तरी कोण, सर? गाडीतून इतकी वर्षं मान वळवून पाहत होते ते रिकाम्या जागेकडे, आणि तुम्हाला ते माहीत होतं.

अहवाल लिहायची वेळ आली तेव्हा पोरगी म्हणाली, "मॅडम, सरांचं नाव जाईल." भांडाराला तुमचं नाव आहे, दारावर तुमचा फोटो आहे, विनापरवानगी खणलं म्हणजे गुन्हाच. माणूस गेला आहे, कोणी खणलं ते कळत नाही असं लिहिलं तर कोणी विचारायलाही येणार नव्हतं. मी काकूंना फोन केला. त्या म्हणाल्या, "लिही. नाणं ठेवलं कशासाठी मग त्याईनं. अन् माझंही नाव लिही. टोपलं मीच उचललं." तेव्हा तसंच लिहिलं आहे. चौथा भाग यापूर्वी उत्खनित, उत्खनन करणाऱ्याचं नाव, परवानगी नव्हती, साहाय्यकाचं नाव. साधनांत फावडं, टोपलं, सराटा. केंद्राचा हा शेवटचाच अहवाल. तुमच्या फोटोचं काय करायचं, यावर आता कोणीतरी मीटिंग लावेल. लावू दे. मी काढणार नाही, एवढं त्यांना सांगून ठेवलं आहे.

अहवालात सगळं आलं, पण एक गोष्ट लिहायला त्यात जागा नव्हती, म्हणून हे कागद काळे केले. ते कुठे धाडायचे नाहीत, खापरांच्या एखाद्या ट्रेखाली राहतील आणि कपाटं हलवताना कोणीतरी रद्दीत टाकेल. पोरांना मी आयुष्यभर सांगितलं, की चतकोराला हात लावायचा नाही आणि जे खणलं ते लपवायचं नाही. पण त्या दिवाळीनंतर तुम्ही एकदा नुसती हाक मारली असती ना सर, तर मी ट्रॉवेल घेऊन आले असते. टोपलं काकूंना उचलू दिलं नसतं. आणि कोणाला सांगितलंही नसतं.